तिसरा खंड, पान चारशे बारा

रविवारी रात्री पावणेनऊच्या सुमाराला त्यांनी जोनास हॅड्रिलला माफी मागायला लावली. तोवर मी सगळं सहन केलं होतं. म्हणजे सहन केलं असं नाही, वहीत लिहून घेत होते. पण त्या क्षणी मी पेन खाली ठेवलं आणि टीव्हीकडे बघून असा एक शब्द उच्चारला, की आईने तो ऐकला असता तर मला साबणाने चूळ भरायला लावली असती.

हॅड्रिल कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जरी अशा लोकांशी बोलायची मला फारशी हौस नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या एक्केचाळीस कथांचा तो नायक. लीड्समध्ये एका घड्याळजीच्या दुकानावर राहणारा, उंच, तिरसट, गुन्हे उकलणारा माणूस. सोबतीला टॅली नावाचा म्हातारा घोडागाडीवाला. हॅड्रिल विचार करतो, टॅली गाडी हाकतो, आणि मधल्या वेळात दोघं एकमेकांचा पाणउतारा करतात. एवढंच आहे, पण एवढ्यावर मी त्रेपन्न वर्षं काढली आहेत.

आता टीव्हीवाल्यांनी त्याला आजच्या काळात आणलंय. आजच्या काळात आणलंय म्हणजे काय, तर त्याच्या हातात फोन दिलाय. मूळ हॅड्रिल बुटाच्या तळाला चिकटलेला भुसा हुंगून सांगायचा की हा माणूस कोणत्या वखारीतून आला. हा नवा नुसता फोन पुढे धरतो, पडद्यावर निळी अक्षरं नाचतात आणि खुनी सापडतो. मग खांद्यावर डोकं कशाला ठेवलंय, केस विंचरायला? तेही तो विंचरत नाही. टॅलीची तर त्यांनी पंचविशीतली मुलगी केलीय. ती विजेच्या सायकलवरून लोकांच्या घरी नूडल्स पोचवते. खुनाच्या जागी जातानाही पाठीवर ती चौकोनी पेटी तशीच. या भागात तिने एका चोराचा अर्ध्या शहरातून पाठलाग केला, आणि एवढा वेळ पेटीत कोणाचं तरी जेवण गार होत होतं. त्याची कोणी चौकशी केली नाही. मी वहीत लिहिलं, 'सतरावी चूक. नूडल्सचं काय झालं?'

वहीचं कारण असं, की आमच्या स्किप्टन गावात हॅड्रिल मंडळ आहे. ते मी आणि विनी क्लेगने एकतीस वर्षांपूर्वी काढलं. दर बुधवारी दुपारी आम्ही कालव्याकाठच्या पबच्या माडीवर जमतो. मालिका सुरू झाल्यापासून आदल्या रविवारच्या भागाची चिरफाड हाच मुख्य कार्यक्रम. प्रत्येकाने चुकांची यादी आणायची, आणि ज्याची यादी सगळ्यांत लांब त्याच्यासमोर मंडळाचं पितळी भिंग ठेवायचं. गेली तीन वर्षं ते भिंग माझ्यासमोरून हललेलं नाही.

मंडळाचा नियम एकच, आणि तो मी केलेला आहे. मूळ कथांबद्दल कोणी काही ठासून सांगितलं, की दुसऱ्याने बोट वर करून 'पान?' असं विचारायचं. मग बोलणाऱ्याने तीन खंडांच्या संपूर्ण आवृत्तीतलं पान सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. या एका शब्दाने मी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत. एक प्राध्यापक तर दुसऱ्या बुधवारी आलाच नाही.

त्या तीन खंडांची सूचीसुद्धा आम्हीच बनवली. बुटांच्या खोक्यांत कार्डं. कोणती वस्तू, कोणतं गाव, हॅड्रिलची कोणती खोड कुठल्या पानावर, सगळं. पहिले दोन खंड माझे, तिसरा विनीचा. दोन हिवाळे आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहीत होतो आणि विनी सारखी बिस्किटं चहात बुडवून कार्डांवर डाग पाडत होती.

मग चार वर्षांपूर्वी मालिका काढणाऱ्या कंपनीने विनीला सल्लागार म्हणून बोलावलं. मला नाही, विनीला. आणि ती हो म्हणाली. त्या वर्षीच्या मंडळाच्या जेवणात, सूप झाल्यावर आणि मटण यायच्या आधी, मी उभी राहिले. चाळीस माणसांसमोर मी म्हटलं की विनी क्लेगला हॅड्रिल कधी समजलाच नव्हता, तिला फक्त कुणीतरी कुठेतरी बोलवायला हवं होतं. तिचा नवरा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. विनीने नॅपकीनची घडी केली, ती ताटाशेजारी ठेवली आणि कोट घेऊन निघून गेली.

ती माझ्याच रस्त्यावर राहते, आठ दारं सोडून. चार वर्षं मी दूध आणायला लांबच्या दुकानात जाते आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दारात घर विकायची पाटी लागली, मग त्या पाटीवर 'विकलं' अशी पट्टी चढली. शनिवारी ती कायमची मुलीकडे चाललीय, न्यूझीलंडला. मला हे पोस्टमनने सांगितलं. मी 'असं का' म्हटलं आणि दार लावलं.

जाऊन दोन शब्द बोलावेत असं वाटलं नाही असं नाही. रोज वाटत होतं. पण एक्केचाळीस कथांत हॅड्रिल एकदाही कोणाची माफी मागत नाही. चुकला तरी नाही. अकराव्या वर्षी शाळेत नकाशे काढण्याचं पहिलं बक्षीस म्हणून मला त्याच्या निवडक कथांचं पुस्तक मिळालं, आणि माणसाने ताठ कसं राहावं हे मी त्यातून शिकले. त्यातली शेवटची कथा मी दर वाढदिवसाला वाचते. हॅड्रिल टॅलीवर चोरीचा संशय घेतो, पोलिसांसमोर त्याला नको नको ते बोलतो. टॅली निघून जातो. मग हॅड्रिल खऱ्या चोराला पकडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टॅलीची गाडी उभी. हॅड्रिल चढून बसतो आणि म्हणतो, 'उशीर केलास, टॅली.' संपलं. माफीचं अवाक्षर नाही, आणि तरी सगळं आलं.

रविवारी त्यांनी ह्याच कथेचा बट्ट्याबोळ केला. चोर पकडल्यावर हा नवा हॅड्रिल त्या मुलीच्या नूडल्सच्या दुकानात मागच्या दाराने शिरतो. वाफ, कढया, आरडाओरडा. तो डोक्यावरची फाटकी लोकरी टोपी काढतो आणि म्हणतो, 'मी चुकलो. आणि बोलत असतानाच मला माहीत होतं की मी चुकतोय.' मुलगी रडते. व्हायोलिनं सुरू होतात. मग नावं सरकायला लागली आणि त्यात खालून तिसरं, 'सल्लागार, विनिफ्रेड क्लेग.' मी तेविसावी चूक लाल शाईने लिहिली.

बुधवारी माडीवर अकरा जण होते. अध्यक्ष मिस्टर हॅरॉप खुर्चीत बसून मांस भरून भाजलेला पोर्क पाय कापत होते. ते निवृत्त दंतवैद्य आहेत आणि पोर्क पायसुद्धा त्याला भूल दिल्यासारखा जपून कापतात. कोपऱ्यात शॉन बेअरस्टो होता. शॉन बस चालवतो. आधी मालिका बघून मग पुस्तकांकडे वळलेला, म्हणजे सगळंच उलटं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी त्याला दोन वर्षं भूगोल शिकवला आणि नदी कुठे उगम पावते, कुठे संपते हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सहा महिने तो मंडळात येतोय आणि अजून एकदाही त्याने यादी आणलेली नाही.

"काय रे शॉन, आजही रिकाम्या हाताने?" मी विचारलं.

"मला भाग आवडला, बाई," तो म्हणाला. "काय लिहिणार?"

"आवडला? काय आवडलं? सायकल?"

"शेवट आवडला."

मी बाकीच्यांकडे बघितलं. दोघातिघांनी नाकं मुरडली, तेवढं मला पुरे होतं. मी उभी राहून यादी वाचली. भुसा, फोन, नूडल्स, सगळं वाचलं. लोक हसत होते. हॅरॉपनी भिंग उचलून आधीच माझ्यापुढे सरकवलं. मग मी तेविसाव्या चुकीवर आले आणि वही मिटली, कारण ती मला वाचायची गरज नव्हती.

"ज्यांना स्वतःचा कणा नाही त्यांना दुसऱ्याचा ताठ कणा बघवत नाही," मी म्हटलं. "म्हणून त्यांनी हॅड्रिलला वाकवलं. आणि आपल्यातल्याच एका बाईने तिथे बसून, त्यांचा चहा पीत, ते होऊ दिलं. एक्केचाळीस कथा आहेत. त्यात तो एकदाही, कोणाचीही, कशाबद्दलही माफी मागत नाही."

कोपऱ्यात एक बोट वर झालं.

"पान?" शॉन म्हणाला.

सगळे हसले. हॅरॉप म्हणाले, "अरे बाबा, जे नाहीच त्याचं पान म्युरिएल कुठून सांगणार?"

"हो, ते बरोबर आहे," शॉन म्हणाला. त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ग्रंथालयाचा जाडजूड खंड काढला. त्यात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. "पण मग जे आहे त्याचं मी सांगू का? तिसरा खंड, चारशे बारा."

आणि तो वाचायला लागला. वाईट वाचतो, शब्दाशब्दाला अडखळतो, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. चोर पकडला त्या संध्याकाळी हॅड्रिल एका बदनाम खानावळीच्या मागच्या दाराने आत जातो. टॅली तिथे एका बाईकडे राहत असतो, जिच्याशी त्याचं लग्न झालेलं नाही. स्वयंपाकघरात वाफ, कढया. हॅड्रिल टोपी काढतो. 'मी चुकलो,' तो म्हणतो. 'आणि बोलत असतानाच मला माहीत होतं की मी चुकतोय.' टॅली नुसती खुर्ची पुढे सरकवतो. मग सकाळ, मग गाडी, मग 'उशीर केलास, टॅली.'

"बघू," मी म्हटलं.

त्याने खंड आणून दिला. बोट अचूक ओळीवर ठेवून दिला, मी शाळेत नकाशावर ठेवायचे तसं. छपाई खरी होती, कागद खरा होता, पान चारशे बाराच होतं.

"घाईत राहून गेलं असेल, बाई," तो हळूच म्हणाला. "एवढी पानं आहेत."

असा राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. तो हसला असता तर मी त्याला उभा सोलला असता. पण तो मला सांभाळून घेत होता, नदीचं मुख न समजलेला शॉन बेअरस्टो. मी वही पिशवीत टाकली, भिंग तिथेच ठेवलं आणि जिना उतरले.

घरी आल्यावर कोटही न काढता मी कपाट उघडलं. तिसऱ्या खंडाच्या माझ्याकडे तीन प्रती आहेत. तिन्ही प्लास्टिकच्या वेष्टनात, एकाही प्रतीची पाठ कधी वाकलेली नाही. संग्राहकाची प्रत उघडायची नसते, आणि मला उघडायची गरजही नव्हती. त्या खंडातल्या कथा शाळेच्या पुस्तकात होत्या, मला तोंडपाठ होत्या. ते पुस्तक मी काढलं. त्याचं पहिलं पान उलटून मागे बघितलं, जिथे कोणी कधी बघत नाही. तिथे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'विद्यार्थ्यांना अनुचित असा मजकूर वगळून.'

त्रेपन्न वर्षं. दुसऱ्याला उठता बसता पान विचारणाऱ्या बाईने हे एक पान उलटलं नव्हतं. कुठल्या तरी शिक्षणखात्यातल्या कारकुनाला खानावळीतली ती बाई खटकली. त्याने तिला कापलं आणि तिच्याबरोबर माफीही गेली. उरलेला अर्धा हॅड्रिल मला बक्षीस मिळाला, आणि मी त्यालाच पूर्ण समजून त्याच्यासारखी वागत राहिले. टीव्हीवाल्यांना मी मूर्ख म्हणत होते. त्या मूर्खांनी निदान पुस्तक उघडलं होतं.

मग मला खोकी आठवली. ती वरच्या खोलीत होती. विनीच्या खोक्याला मी कधी हात लावला नव्हता. आधी लावायची गरज नव्हती, विनीला हाक मारली की झालं. नंतर लावायची इच्छा नव्हती. मी झाकण काढलं आणि अक्षराप्रमाणे कार्डं मागे सारत गेले. चहाचे डाग तसेच होते.

'माफी, हॅड्रिलची. ४१२. एकदाच.'

त्याखाली पेन्सिलने, तिच्या त्या बुटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'म्युरिएलला दाखवायचं नाही.'

मी पलंगाच्या कडेला बसले. तिला तीस वर्षांपासून माहीत होतं. मी दर बुधवारी छाती काढून 'एकदाही नाही' म्हणायचे तेव्हा ती शेजारी बसून पोर्क पाय खात होती. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण त्या जेवणाच्या वेळी, मी चाळीस माणसांसमोर तिला हॅड्रिल समजला नाही असं म्हटलं तेव्हा, तिला फक्त एक आकडा उच्चारायचा होता. माझाच नियम. मी जागच्या जागी गार झाले असते. तिने आकडा उच्चारला नाही, नॅपकीनची घडी केली. मला लाज वाटली. दुसरा चांगला शब्द शोधला, सापडला नाही.

साडेपाच वाजले होते. नोव्हेंबरातलं झोंबरं वारं होतं, म्हणून मी लोकरीची टोपी कानांवर ओढली आणि आठ दारं चालत गेले.

विनीने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागे पॅसेजमध्ये खोकीच खोकी होती.

"बोल," ती म्हणाली.

"तुझी मालिका भिकार आहे," मी म्हटलं. येताना काय काय जुळवलं होतं, तोंडातून आलं ते हे.

"हे सांगायला चार वर्षं लागली?"

"त्या नूडल्सचं काय झालं ते कोणी दाखवलं नाही."

"मी विचारलं होतं. ते म्हणाले, बघणाऱ्यांना फरक पडत नाही."

"मला पडतो."

"मला माहीत आहे, म्हणूनच विचारलं." तिने दाराला खांदा टेकला. "चार वर्षं त्यांच्याशी भांडले मी, म्युरिएल. भुशावरून भांडले, फोनवरून भांडले. एकही गोष्ट ऐकली नाही. शेवटही बदलणार होते, ती त्याच्या थोबाडीत मारते असं काहीतरी. तेवढा एक मी बदलू दिला नाही."

"शॉन बेअरस्टोने पान सांगितलं आज. सगळ्यांसमोर."

"कोण, तो बसवाला? चांगला आहे तो."

"तू का नाही सांगितलंस? त्या दिवशी, जेवताना?"

विनीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया बिया काही नव्हती. "तुझ्याकडे दुसरं होतं काय?" ती म्हणाली.

ती दार लावेल असं वाटलं, आणि दार लावलं असतं तर मी त्याबद्दल तिला दोष दिला नसता.

"विनी," मी म्हटलं. "तिसरा खंड, चारशे बारा."

"नुसतं पान सांगून भागत नाही," ती म्हणाली. "त्या पानावर तो आधी टोपी काढतो."

मी टोपी काढली. केस डोक्याला चिकटून बसले होते, कान गार पडले. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती, आणि ती माझीच विद्यार्थिनी.

"मग बोलतो," विनी म्हणाली.

"मी चुकले," मी म्हटलं. "आणि बोलत असतानाच मला माहीत होतं की मी चुकतेय." शब्द त्याचे होते, पण एकही शब्द इकडचा तिकडे करायची गरज पडली नाही.

विनी आत वळली, पॅसेजमधल्या खुर्चीवरचं खोकं उचलून जमिनीवर ठेवलं आणि खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली.

"ती सायकल मात्र," मी बसत म्हटलं.

"सायकल भिकारच होती," विनी म्हणाली. तिने आजूबाजूला बघितलं. "चहा कशात करू आता? किटली बांधून टाकलीय."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं, आणि टोपी हातातच ठेवून उठले.